सुरगाठ

“अरे, उचला नं बाप्पा त्याले! सडून राहिला नं तो तिकडे!”

आई हे टीव्हीला म्हणाली. मे महिन्यातली रात्र, साडेदहा होऊन गेलेले, आणि नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घराच्या भिंतीला हात लावला तर अजून चटका बसत होता. कूलर पूर्ण जोरात. लोखंडी पत्र्याचा, वडिलांच्या वेळचा. ताट्या दर उन्हाळ्यात नव्या बसवतो, आवाज मात्र तोच. त्या आवाजात संवाद ऐकू येत नव्हते, पण काही अडतही नव्हतं, कारण सिनेमा कानडी होता. खाली इंग्रजी पाट्या. त्या मी वाचायच्या, आईला मराठीत सांगायच्या आणि तिनं नागपुरीत शेरा मारायचा, असा आमचा व्यवहार.

सिनेमा होता ‘संस्कार’. 1970 चा, कृष्णधवल. यू. आर. अनंतमूर्तींच्या 1965 च्या कादंबरीवरून पट्टाभिराम रेड्डींनी काढलेला. पटकथा गिरीश कर्नाडांची आणि मुख्य भूमिकाही त्यांचीच. आईनं त्यांना लगेच ओळखलं. “हा ‘उंबरठा’तला नवरा नं? किती कवळा दिसून राहिला इथं!” तिचं खरं होतं. ज्या प्राणेशाचार्यांपुढे अख्खं अग्रहार, म्हणजे ब्राह्मणांची वस्ती, मान तुकवतं ते इतके कोवळे, देखणे असतील का, हा प्रश्न मलाही पडला. पण शेंडी, उघडं अंग आणि त्या खोल गेलेल्या डोळ्यांनी दहा मिनिटांत तो मिटवून टाकला.

गोष्ट थोडक्यात सांगतो. ज्यांनी वाचली-पाहिली आहे त्यांनी हा परिच्छेद ओलांडावा. कर्नाटकातल्या मलनाडात दुर्वासपूर नावाचं माध्व ब्राह्मणांचं अग्रहार. त्यात नारणप्पा नावाचा एक बंडखोर. बायकोला सोडून चंद्रीला घरात ठेवलेली, मांस खातो, दारू पितो, मुसलमान मित्रांना घरी आणतो, देवळाच्या तळ्यातले मासे धरतो, शाळिग्राम नदीत फेकून देतो. त्याला वाळीत टाकावं तर ‘मुसलमान होईन’ म्हणून धमकी देतो, म्हणून कोणी टाकतही नाही. हा नारणप्पा शिमोग्याहून ताप घेऊन येतो आणि मरतो. आता त्याला अग्नी कोण देणार? त्याला मूलबाळ नाही. नातलगांनी दिला तर बाटण्याची भीती, आणि नाही दिला तर ब्राह्मणाचं प्रेत तसंच ठेवल्याचं पाप. शिवाय प्रेत उठेपर्यंत अग्रहारात कोणी जेवायचं नाही. चंद्री अंगावरचे दागिने उतरवून आचार्यांपुढे ठेवते, की हे घ्या, खर्च करा, पण त्यांना अग्नी द्या. दागिने बघितल्याबरोबर ज्यांना नातं नको होतं त्यांना नातं आठवू लागतं. प्राणेशाचार्य काशीहून वेदान्त शिकून आलेले. ते रात्रभर पोथ्या उलटतात, उत्तर सापडत नाही. मग मारुतीला कौल लावतात. उजवीकडचं फूल पडलं तर हो, डावीकडचं पडलं तर नाही. मारुती दिवसभर एकही फूल पाडत नाही.

आणि तिकडे नारणप्पाच्या घराच्या छपरावर गिधाडं येऊन बसलेली. घराघरांतून उंदीर बाहेर पडतात, गरगर फिरतात आणि मरतात. म्हणजे प्लेग. गोष्टीतल्या माणसांना ते कळत नाही. त्यांना वाटतं, जाळलं नाही म्हणून हे सगळं होतंय.

आईनं ‘उचला नं त्याले’ म्हटलं ते इथं.

मी हा सिनेमा चार वर्षं टाळत होतो. कादंबरी कॉलेजात असताना हिंदीतून वाचलेली, मग ए. के. रामानुजन यांच्या 1976 च्या इंग्रजी अनुवादातून. तेव्हा ती मला जातीची गोष्ट वाटली होती, पाखंडाची गोष्ट वाटली होती, आणि खरं सांगायचं तर वयच असं होतं की नदीकाठच्या रात्रीची, चंद्री आणि आचार्यांची गोष्ट वाटली होती. साथीची गोष्ट मात्र एकदाही वाटली नाही. प्लेग म्हणजे पाठीमागचा पडदा. 2021 नंतर मात्र ते पुस्तक कपाटात मला पाठ दाखवून उभं राहील असं मीच लावून ठेवलं.

त्याला कारण नाना.

नाना म्हणजे माझे धाकटे काका. एम्प्रेस मिलमध्ये विणकाम खात्यात होते. 2002 मध्ये मिल कायमची बंद झाली आणि नाना मोकळे झाले. पण त्याच्या कितीतरी आधीपासून त्यांचं दुसरं एक काम होतं, ज्याचा पगार नव्हता. ते मातीला जायचे. आमच्याकडे अंत्ययात्रेला जाणं म्हणजे ‘मातीला जाणं’. तसं सगळेच जातात. नाना मात्र आधी जायचे. कोणाकडे काही झालं की पहिला निरोप डॉक्टरला आणि दुसरा नानांना. फोन नव्हते तेव्हा पोरगं धावत यायचं. नाना निरोप पूर्ण ऐकायचे, जेवत असले तर ताटाला नमस्कार करून उठायचे आणि खुंटीवरची पिशवी घ्यायचे.

ती पिशवी खाकी कॅनव्हासची, मिलमध्येच कोणीतरी शिवून दिलेली. आत सुतळीचे दोन गुंडे, छोटा कोयता, कापराची पुडी, उदबत्तीचा पुडा, आणि माचिसच्या दोन पेट्या. दोन का, तर पावसाळ्यात एक सादळते. एक डायरी, तिच्यात बांबूवाल्याचा, शववाहिनीचा, घाटावरच्या माणसाचा नंबर. लहानपणी त्या पिशवीला हात लावायची आम्हाला बंदी होती, म्हणजे अर्थातच आम्ही सगळ्यांनी ती उघडून पाहिली होती.

तिरडी बांधताना मी त्यांना किती वेळा पाहिलं असेल, मोजदाद नाही. दोन लांब बांबू, ओले पाहिजेत, वाळलेला बांबू मध्येच दगा देतो. त्यांच्यावर आडव्या कामट्या, त्यावर तणस, त्यावर कोरं मांजरपाट. आणि प्रत्येक कामटीला सुतळीची सुरगाठ. निरगाठ मारणाऱ्यावर नाना चिडायचे. “अरे, घाटावर काय दातानं सोडणार आहे?” सुरगाठ अशी पाहिजे की चार खांद्यांवर हिसके बसले तरी हलायला नको, आणि घाटावर एक टोक ओढलं की माणूस मोकळा. हे वाक्य त्यांचंच. त्यात काही तत्त्वज्ञान आहे असं त्यांना वाटत नव्हतं, ते सुतळीबद्दलच बोलत होते.

मयताच्या दारात गेल्यावर नाना एकच प्रश्न विचारायचे. “उंची किती?” बांबू कापायला ती लागते. जात, घराणं, पैसा, कोणाशी भांडण होतं, कोणती बायको खरी, यातलं काहीही न विचारता माणसाला घाटावर पोचवता येतं, हे मी त्यांच्याकडे बघत मोठा झालो, आणि ते इतकं रोजचं होतं की त्यात विशेष काही आहे हे मला कळलंच नाही. परत आले की अंगणातल्या नळाखाली बसायचे. आई लांबून बादली सरकवायची. “भाऊजी, थांबा, गरम पाणी आणते.” मग चहा. मग म्हणायचे, “चांगलं जळालं.” आमच्या घरात कोणाच्या आयुष्याबद्दल याहून चांगलं प्रशस्तिपत्र कोणाला मिळालं नाही.

2021 च्या एप्रिलमध्ये नागपूर कसं होतं हे नागपूरकरांना सांगायला नको. इतरांना सांगून कळणार नाही. नानांना 11 तारखेला ताप आला, चौथ्या दिवशी धाप लागली. मी आणि शेजारचा पोरगा मिळून फोनवर बसलो तेव्हा चौदाव्या फोनला एक खाट मिळाली. 21 ला पहाटे ते गेले. 23 तारखेच्या रात्री विशाखापट्टणमहून ऑक्सिजनचे टँकर घेऊन पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस नागपूर स्टेशनवर आली, तीन टँकर इथं उतरले, टीव्हीवर सगळं दाखवलं. नानांना ऑक्सिजन मिळत होता, त्या गाडीचा आणि त्यांचा तसा संबंध नाही. तरी ती बातमी मी उभ्यानं पाहिली, बसवलं नाही.

त्यांचा मुलगा, माझा चुलतभाऊ, बंगळुरात. तो, त्याची बायको, दोघंही पॉझिटिव्ह. तो व्हिडिओ कॉलवर. म्हणजे घाटावर घरचा म्हणून मी एकटा. नानांचा नेहमीचा घाट गंगाबाई. तिथल्या प्रत्येक माणसाला ते नावानं ओळखायचे, कुत्र्यांनासुद्धा. त्यांना स्वतःला मात्र त्या दिवशी शहराच्या दुसऱ्या टोकाला जिथं जागा होती तिथं नेलं. तिरडी नव्हती. बांबू, तणस, मांजरपाट काही नव्हतं. चेन लावलेली एक पिशवी होती, आणि तिच्यावर चिकटपट्टीनं लावलेला कागद. कागदावर त्यांचं नाव आणि वय होतं. उंची नव्हती.

चार जण किट घालून. दुपारचा एक वाजलेला, ऊन असं की डांबरावर चप्पल चिकटत होती, आणि त्या प्लास्टिकच्या आत ती पोरं कशी उभी होती देव जाणे. ओट्यांवर जागा नव्हती म्हणून खाली जमिनीवर सरण रचलं होतं. पिशवी वर ठेवली. मग त्यातला एक माझ्याकडे वळला आणि मास्कमधून ओरडला, “भाऊ, आग कोण देणार?”

मी वीसेक फुटांवर होतो.

केंद्र सरकारची सूचना मी वाचलेली होती. मार्च 2020 ची. प्रेताला हात न लावता करायचे विधी करायला हरकत नाही, चेहरा बघता येतो, आणि राखेपासून काहीही धोका नाही, अस्थी गोळा करता येतात, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. मी ती घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलीही होती, लोक उगाच घाबरतात म्हणून. प्राणेशाचार्यांना रात्रभर शोधूनही पोथीत उत्तर सापडलं नाही. माझ्या खिशात ते होतं.

माझा पाय पुढे पडला नाही. उलट मागे गेला, एक पाऊल, मग आणखी एक. मी म्हणालो, “घरी आई आहे. 72 वर्षांची.” हे खरं होतं. आणि ते मी किती चटकन म्हणालो तेही मला आठवतं.

तो पोरगा क्षणभर थांबला असेल, नसेलही. “राहू द्या भाऊ, तुम्ही तिथंच थांबा. मी करतो.” त्यानं एका लांब काठीला कापूर बांधलेला बोळा लावला, पेटवला, सरणाभोवती एक फेरी मारली, डोक्याच्या बाजूला थांबला, हातमोजे घातलेले दोन्ही हात जोडले आणि अग्नी दिला. मग तो पुढच्या सरणाकडे गेला. त्याच्या किटच्या पाठीवर मार्करनं काहीतरी लिहिलेलं होतं. त्या दिवसांत ओळख पटावी म्हणून पाठीवर नावं लिहायचे. ते नाव असेल. पथकाचा नंबरही असेल. मी वाचलं नाही.

वाचायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दसपट वेळ तो माझ्याकडे पाठ करून उभा होता.

सिनेमाकडे येतो. उंदरांचं सांगायचं राहिलं. अनंतमूर्तींनी उंदीर जसे मारले आहेत तसेच ते प्लेगमध्ये मरतात. अंधारातून उजेडात येतात, झिंगल्यासारखे फिरतात, माणसांना न भिता मधोमध येऊन पडतात. उंदराचं अंग गार पडलं की त्याच्यावरची पिसू त्याला सोडते आणि दुसरं ऊबदार अंग शोधते. तेव्हा मेलेल्या उंदराला शेपटीला धरून बाहेर फेकणारा माणूस मरण हातात घेऊन चाललेला असतो. पिसू रोग नेते ही गोष्ट पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं 1898 मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवली, आणि बराच काळ कोणी त्यावर विश्वास ठेवला नाही. दुर्वासपूरच्या ब्राह्मणांना हसण्यात अर्थ नाही. सगळ्या जगाला तेव्हा पाप, दुर्गंध आणि उंदीर यांतलं कारण कोणतं आणि खूण कोणती, हे कळलं नव्हतं.

आपल्याकडे प्लेग म्हटलं की पुणे आठवतं, रँडचा खून आठवतो. आणि सावित्रीबाई, आजारी पोराला पाठुंगळी घेऊन दवाखान्याकडे चाललेल्या आणि 10 मार्च 1897 ला त्याच रोगानं गेलेल्या. ते चित्र शाळेपासून डोळ्यांपुढे असतं, म्हणून आपण त्याच्याकडे बघायचं सोडून दिलंय. पाठुंगळी म्हणजे काय? रोग्याचा श्वास स्वतःच्या मानेवर. वीस फूट अंतर ठेवून उभ्या राहिलेल्या माणसाला ते चित्र नव्यानं दिसतं, एवढंच म्हणतो. त्याच वर्षी ब्रिटिशांनी साथरोग कायदा केला, आणि 2020 च्या मार्चमध्ये आपल्या सरकारनं बाहेर काढला तोही तोच, 1897 चा. कायदे टिकाऊ असतात.

अनंतमूर्तींच्या या कादंबरीचं बीजही एका सिनेमातलंच. ते इंग्लंडात बर्मिंगहॅमला शिकत होते. तिथं त्यांनी स्वीडिश दिग्दर्शक बर्गमनचा ‘द सेव्हन्थ सील’ पाहिला, तोही खाली पाट्या नसलेला, म्हणजे भाषा कळत नसताना. मध्ययुगातला युरोप, प्लेग, आणि मृत्यूशी बुद्धिबळ खेळणारा सरदार. त्यातून त्यांना स्वतःचं गाव आठवलं. भाषा न कळता पाहिलेल्या प्लेगच्या सिनेमातून कादंबरी, कादंबरीतून पुन्हा सिनेमा, आणि तो नागपुरात भाषा न कळणारी दोन माणसं कूलरच्या आवाजात बघतात. मला हे फार आवडलं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, “मग काय झालं? रडायचं कुठं ते कळतं नं.”

हा सिनेमा मद्रासच्या सेन्सॉरनं आधी अडवला होता, जातींमध्ये तणाव होईल म्हणून. मग केंद्रानं सोडवला आणि त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यालाच मिळाला. नारणप्पा झालेत पी. लंकेश. चंद्री झाली आहे स्नेहलता रेड्डी, दिग्दर्शकाची पत्नी. तिच्याबद्दल मला सिनेमा बघता बघता सारखं एकच आठवत होतं. आणीबाणीत तिला अटक झाली. ती दम्याची रुग्ण. बंगळूरच्या तुरुंगात तिची तब्येत ढासळत गेली, जानेवारी 1977 मध्ये तिला सोडलं आणि थोड्याच दिवसांत ती गेली. पडद्यावर ती अंगणात भिंतीशी उभी असते, आत पुरुषांचं शास्त्र चाललेलं असतं, आणि मी तिच्या श्वासाकडे बघत होतो. पाट्या वाचायच्या राहून गेल्या. आईनं ढोसलं, “अरे, काय म्हणून राहिले ते?”

“तेच. कोणी करायचं ते.”

“अजून तेच?”

अजून तेच. आणि हे ‘अजून तेच’ हेच या सिनेमाचं मोठं बळ आहे असं मला वाटतं. भूक लागलेली माणसं धर्मावर किती वेळ बोलू शकतात! दासाचार्य नावाचा एक जण तर भूक सहन न होऊन शेजारच्या गावात, हलक्या समजल्या जाणाऱ्या ब्राह्मणाच्या घरी चोरून खाऊन येतो आणि परत चर्चेला बसतो. कादंबरीत याच्याच बाजूला एक साधी गोष्ट घडत असते. पलीकडच्या दलित वस्तीत ताप येतो, माणसं मरतात, आणि उरलेले लोक प्रेतासकट झोपडी पेटवून देतात. चर्चा नाही, कौल नाही. नारणप्पाच्या प्रेतावर सबंध कादंबरी खर्च होते आणि त्या झोपडीला दोन-चार ओळी. लेखकाला हे ठाऊक आहे, म्हणूनच त्यानं ते तसं ठेवलंय, असं मी समजतो.

शब्दाचंच बघा. संस्कार. आमच्या गल्लीच्या तोंडाशी उन्हाळ्यात फ्लेक्स लागतो, ‘बाल संस्कार शिबिर’. पत्रिकेत विवाह संस्कार. पोरगं उलटून बोललं की ‘काही संस्कार आहेत की नाही?’ आणि पेपरात ‘शासकीय इतमामात अंत्यसंस्कार’. कानडीतही या शब्दाला असेच पदर आहेत. ज्यांच्यावर संस्कार झाले त्यांना एक संस्कार करता येत नाही, अशी ही गोष्ट. सोळा संस्कारांत शेवटचा तेवढाच असा आहे की तो ज्याच्यावर होतो त्याला त्याचा काही पत्ता नसतो. मग तो नक्की कोणावर होतो?

नागपूरला रोगराई घालवायची स्वतःची पद्धत आहे. तान्ह्या पोळ्याला मारबत निघते. काळी मारबत 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून निघते असं सांगतात. बांबू आणि कागदाच्या त्या प्रचंड बाया, सोबत बडगे, म्हणजे त्या-त्या वर्षीच्या वाईट गोष्टींचे पुतळे, आणि ढोलाच्या आवाजावर अख्खं मध्य नागपूर ओरडतं, “ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!” मग तिला नेऊन जाळतात. लहानपणी नानांच्या खांद्यावर बसून मी हे ओरडलोय. कोरोनाच्या पहिल्या वर्षी, जेव्हा खरोखर न्यायला काहीतरी होतं, तेव्हा मिरवणूक नेहमीसारखी निघाली नाही. नाना त्या दिवशी अंगणात उभे राहून एकटेच हळूच म्हणाले होते, घेऊन जा गे मारबत. मला तेव्हा हसू आलं होतं.

घेऊन जा म्हणायला सोपं आहे. घेऊन जाणारी बाई कोणाची कोण, तिचं पुढं काय होतं, हे आपण विचारत नाही. तिला जाळून घरी येतो आणि जेवतो.

तर ती रात्र. म्हणजे गोष्टीतली. आचार्य कौल न मिळून परतताहेत, अंधारात जंगलात चंद्री भेटते, जे व्हायचं ते होतं. मग ती घरी जाते आणि नारणप्पाचं फुगलेलं प्रेत बघून किंचाळत बाहेर पळते. तो तिचा माणूस उरलेला नसतो. ब्राह्मण नाही, शूद्र नाही, नुसता कुजलेला देह. ती आधी एका ओळखीच्या गाडीवानाकडे जाते. तो नकार देतो, ब्राह्मणाच्या प्रेताला हात लावून नरकात जायचंय का मला? मग ती मुसलमानांच्या वस्तीत जाते.

इथं मी सिनेमा थांबवला आणि आईला कादंबरीतलं सांगितलं. अहमद बारी नावाचा मासळीचा व्यापारी. तो गाडी घेऊन येतो, लाकडं आणतो, प्रेत उचलतो, रात्रीच जाळतो आणि निघून जातो. चंद्री सकाळच्या गाडीनं कुंदापूरला जाते. ब्राह्मणांना पत्ताच लागत नाही. ते पुढे कितीतरी दिवस गावोगाव, मठापर्यंत पायपीट करत हिंडतात, राख झालेल्या माणसाला जाळायची परवानगी मागत.

आई गप्प होती. मग म्हणाली, “त्यानं काऊन केलं? त्याचा काय संबंध?”

“नारणप्पानं त्याला एकदा बैल घ्यायला पैसे दिले होते. बुडत्या वेळी.”

“हां,” ती म्हणाली. “म्हणजे देणं होतं.”

कूलरमधलं पाणी संपत आलं होतं, पंप कोरडा घरघरायला लागला. मी उठून पाइप लावला. परत आलो तर आई पडद्याकडे बघत नव्हती.

“अन् तो घाटावरचा पोरगा? भाऊजींचा?” तिनं विचारलं. “त्याचं काय देणं होतं आपल्याला?”

चार वर्षांत ती हे पहिल्यांदा बोलली. मी तिला त्या दिवशी घरी येऊन सांगितलं होतं की अग्नी ‘दिला’. कोणी दिला ते वाक्यात नव्हतं. मराठी या बाबतीत सोयीची भाषा आहे. तिला कधी, कोणाकडून कळलं, की माझ्या तोंडावरच वाचलं, मी विचारलं नाही.

उरलेला सिनेमा आम्ही पाहिला, म्हणजे मी पाहिला, आईला डुलकी लागली. आचार्यांची बायको प्लेगनं जाते, तिला अग्नी देऊन ते वाट फुटेल तिकडे निघतात, जत्रेत हिंडतात, सुतकात देवळातल्या पंगतीला बसतात, स्वतःला सोलून सोलून बघतात. समीक्षकांना हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. कॉलेजात मलाही वाटला होता. या खेपेला मला आचार्यांचा राग आला. बाबा रे, तुझ्या मनात काय चाललंय ते ठीक आहे, पण तिकडे एका माणसानं तुझं काम करून टाकलंय, त्याचं नाव तरी विचार. अहमद बारी त्या रात्रीनंतर गोष्टीत परत येत नाही. लेखक त्याला विसरला, की आपण विसरतो का ते बघतोय? आणि मग माझंच मला कळलं, की मीही रात्री बारा वाजता स्वतःला सोलतच बसलोय. मी टीव्ही बंद केला.

आई जागी झाली. “झाला?”

“झाला. बैलगाडीत बसून गावाकडे निघाला. पुढं काय ते सांगितलं नाही.”

“अस्सं.” ती उठली, पाणी प्याली. खुंटीवर नानांची पिशवी अजून आहे, हे मी लिहिलं नाही बहुतेक. नानांच्या घरून भांडीकुंडी आली तेव्हा तीही आली, आणि कोणी काही न ठरवता ती खुंटीवर गेली. आईनं ती काढली. माचिस सादळलेल्या, कापूर उडून गेलेला, नुसती पुडी. सुतळी तेवढी शाबूत. गेल्या महिन्यात मागच्या गल्लीतले एक म्हातारे गेले तेव्हा पोरं आली होती विचारायला, नानांची पिशवी आहे का म्हणून. मी दिली होती, सोबत गेलोही होतो, आणि कामटी बांधायची वेळ आली तेव्हा मला गाठ आली नव्हती. पोरांनी मिळून कशीतरी निरगाठ मारली. घाटावर ब्लेडनं कापावी लागली. हे मी आईला सांगितलेलं होतं, हसत हसत.

तिनं सुतळीचा हातभर तुकडा काढला आणि कूलरच्या स्टँडच्या पायाला वळसा दिला.

“हे इकडून घे. नाही, वरून नाही, खालून. आता हे टोक दाबून धर. मी चाळीस वर्षं दारातून बघितलंय, मले कोणी येऊ नाही दिलं तिथं, पण येते.” तिनं ओढलं, गाठ बसली. स्टँड हलवून पाहिला. मग लोंबणारं टोक दोन बोटांत धरून झटका दिला आणि सुतळी मोकळी होऊन तिच्या हातात आली.

“कर आता तू,” ती म्हणाली.

पहिली गाठ मला जमली नाही.